बंबात गेलेला शेवट

क्षमा करणाऱ्या माणसांवर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. मी क्षमा न करणाऱ्या एका बाईंवर लिहितोय. विमलकाकूंनी एक राग तीसेक वर्षं लोणच्याच्या बरणीसारखा सांभाळला. अधूनमधून उघडायचा, वरखाली करायचा, पुन्हा फडकं बांधून ठेवायचा. आणि वेळ आली तेव्हा ज्याचा होता त्याच्या पानात वाढला. सूड ही गोष्ट लोकांना वाटते तितकी वाईट नाही, फक्त घेणाऱ्याला घाई नसावी. हे मी काकूंकडे बघून शिकलो.

मी फिजिओथेरपिस्ट. गाव साताऱ्याकडचं, शिक्षण मिरजेला, आणि आता सांगली-मिरजेत स्कूटरवरून घरोघरी फिरून अर्धांगाच्या पेशंटांचे व्यायाम घेतो. तसाच एका सकाळी हेडसरांकडे गेलो. हेडसर म्हणजे काकूंचे सासरे, घरात आण्णा, एका मोठ्या हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. सांगलीत अर्धे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले आणि उरलेले त्यांना घाबरून दुसऱ्या शाळेत गेलेले. त्यांची उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण त्या जड जिभेनंही ते शुद्धच बोलायचे. अक्षरं मात्र डोळ्यांपुढं एकात एक मिसळायची, त्यामुळे वाचन बंद पडलं होतं. काकूंचे मिस्टर नाना साखर कारखान्यात होते. ते सकाळी डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर घरात सासरा आणि सून.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. हेडसरांच्या कॉटच्या बरोबर समोर पाणी तापवायचा जुना तांब्याचा बंब ठेवलेला होता. गच्चीवर सोलर आल्यापासून लोक बंब हॉलमध्ये आणून ठेवतात आणि वर प्लास्टिकची फुलं खोचतात, हे मी पुष्कळ घरांत बघितलं होतं. पण हा बंब चिंचेनं घासून इतका लखलखीत केला होता की हेडसरांना त्यात स्वतःचं तोंड दिसत असणार. आणि बंबाशेजारी, उघड्या दाराच्या उजेडात, काकू एका खुर्चीत बसून दुसरीवर पाय टाकून पुस्तक वाचत होत्या. मुखपृष्ठावर एक बाई किंचाळत होती आणि तिच्यामागे कुणाच्या तरी हातात पिस्तूल होतं.

‘‘बसा डॉक्टर, एवढं पान हुंद्या,’’ काकू मान वर न करता म्हणाल्या. ‘‘बाई लय संकटात हाय.’’

मी डॉक्टर नाही हे त्यांना पुढं अनेकदा सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही.

काकू विट्याजवळच्या. वडील गलाईवाले, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करणारे. विट्याकडची माणसं या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, तसे काकूंचे वडील पार दक्षिणेत तमिळ मुलखात गेले आणि काकू तिथल्या एका गल्लीत वाढल्या. गल्लीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गावाकडून कुणी आलं की शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पिशवीतून चार पुस्तकं यायची आणि ती या घरातून त्या घरात फिरायची. फिरून फिरून कव्हरं जायची, पहिली पानं जायची. ‘‘पुस्तकाचं नाव काय, लिवलं कुणी, कायबी ठावं नसायचं,’’ काकू सांगायच्या. ‘‘मधीच चढायचं आन् वाचत सुटायचं. घरात मराठी बोलायला आई आन् बाहेर ती पुस्तकं. दुसरं कोण हुतं?’’

त्यामुळे पुस्तक चांगलं की वाईट, थोर की फालतू, हा हिशेब त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. खुनाची गोष्ट, भुताची गोष्ट, श्रीमंत डॉक्टर आणि गरीब नर्स यांचं प्रेम, सगळं चालायचं. निसर्गाचं वर्णन आलं की बोट ओलं करून दोन पानं उलटायच्या. ‘‘डोंगर डोंगरासारखा असंल, त्यात काय वाचायचं?’’ आवडलेलं पुस्तक संपलं की त्याच बैठकीत पुन्हा पहिल्यापासून धरायच्या. कंटाळा आला तर कितीही मोठ्या लेखकाचं असो, अर्ध्यात बंद. खुणेला कढीपत्त्याची काडी. वाचताना शेजारी गूळ-शेंगदाण्याची वाटी. पानांना तेलाचे डाग पडायचे ते पडायचे.

मी त्या वर्षी ‘पन्नास पुस्तकं वाचणार’ असं सोशल मीडियावर जाहीर करून बसलो होतो. प्रत्येक पुस्तकाचा फोटो काढून तिथं लावायचा, खाली दोन गंभीर ओळी. काकूंनी एकदा विचारलं, ‘‘कितवं चाललंय?’’ मी आकडा सांगितला आणि सांगताना माझा चेहरा कसनुसा झाला असणार, कारण त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या पाठीमागं कुणी लागलंय व्हय? पुस्तक म्हंजी काय औषध हाय, येळेवर घ्यायला?’’

बंबाची हकिगत त्यांनी मला हेडसरांच्या देखत सांगितली. मी सरांचा हात वरखाली करत होतो आणि काकू शेंगा फोडत बोलत होत्या. आवाज मुद्दाम मोठा.

नवीन लग्न झालेलं. रविवारी सकाळी शाळेच्या संस्थेची माणसं सरांकडे आली होती. काकूंनी चहा दिला आणि परसदारी बंबाजवळ बसून, माहेराहून आणलेलं कव्हर नसलेलं एक पुस्तक उघडलं. तेवढ्यात सर हात धुवायला मागं आले. त्यांनी पुस्तक बघितलं, काकूंना पुस्तकासकट पाहुण्यांसमोर नेऊन उभं केलं आणि आपला जगप्रसिद्ध प्रश्न विचारला. हा प्रश्न ते शाळेत प्रत्येक पोराला विचारायचे. ‘‘या पुस्तकातून तू काय घेतलंस?’’

‘‘मी नवी नवरी. काय बोलणार? जे खरं ते बोलले. म्हटलं, मजा येतीया.’’

पाहुणे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तकाचा शेवटचा फॉर्मा, म्हणजे शिवणीतली शेवटची सोळा पानं, सगळ्यांच्या देखत ओढून काढला, मागं जाऊन पेटत्या बंबात घातला आणि उरलेलं पुस्तक काकूंच्या हातात ठेवलं. ‘‘आता वाच मजेनं,’’ म्हणाले.

‘‘आन् पावणं गेल्यावर त्याच पाण्यानं आण्णांनी आंघोळ केली,’’ काकू म्हणाल्या आणि शेंगेचं टरफल कचकन मोडलं.

मी हेडसरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. खरं सांगतो, मला त्यांची दया आली नाही. साताऱ्याला आमच्याही शाळेत असेच एक होते. माझ्या दप्तरातलं भुताच्या गोष्टींचं पुस्तक त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखं धरलं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी गोष्टीचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वाचायचो. तेव्हा त्या घरात मी कुणाच्या बाजूनं होतो हे सांगायला नको.

वाचनाची सुरुवात सरांनीच केली. दिवसभर छताकडे बघून माणूस किती बघणार? त्यांनी काकूंना कपाटातला एक जाड चरित्रग्रंथ मोठ्यानं वाचायला सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘‘माझ्या तोंडानं वाचायचं तर माझं पुस्तक. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर पंखा बघा.’’ सरांनी आठवडाभर पंखा बघितला. मग एक दिवस मी गेलो तर काकू वाचत होत्या आणि सर भिंतीकडे तोंड करून पडले होते, आपण ऐकत नाही अशा आविर्भावात. मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. गोष्टीत कुणीतरी अंधाऱ्या जिन्यावरून खाली येत होतं. आणि महिनाभर माझ्या कुठल्याही व्यायामाला न हललेली त्यांची बोटं माझ्या तळव्यात किंचित आवळली गेली.

‘‘पुढे वाच,’’ ते भिंतीला म्हणाले.

त्यानंतर मी व्यायामाची वेळच बदलली. काकूंचं वाचन असेल तेव्हाच जायचो. माझ्या शास्त्रात हे कुठं लिहिलेलं नाही, पण खून झाला की हेडसरांची मूठ वळायची, आणि पोलीस आले की सैल पडायची. मात्र दाराची बेल वाजली की सर डोळ्यांनीच काकूंना खुणवायचे आणि काकू पुस्तक उशीखाली सारायच्या. सारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघण्यासारखं असायचं. तीस वर्षांपूर्वी जी लाज त्यांच्या गळ्यात घातली होती, ती आता घालणाऱ्याच्याच गळ्यात होती.

चार-पाच पुस्तकं अशी झाल्यावर काकूंनी ट्रंकेतून ते पुस्तक काढलं. तेच. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, नाव नाही, आणि शेवटचा फॉर्मा नाही. गोष्ट एका जहागीरदाराची. विहिरीत त्याचं प्रेत सापडतं आणि घरातल्या प्रत्येकाकडे त्याला मारण्याचं कारण असतं. मी पेशंटच्या घरी पंधरा मिनिटं जास्त थांबायला लागलो. सर तर पुरते अडकले. दुसऱ्या दिवशी मी दारात पाऊल टाकायच्या आत म्हणायचे, ‘‘दिवाणजी. दिवाणजीनेच केला. तो पहिल्यापासून खोटे बोलतोय.’’

आणि मग पुस्तक संपलं. म्हणजे पानं संपली. पोलीस अधिकारी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, बोट उचलतो, आणि पुढं शिवणीचा नुसता दोरा.

‘‘पुढे?’’ सर म्हणाले.

काकूंनी बंबाकडे बोट केलं.

सरांनी बंबात दिसणारं स्वतःचं तोंड बघितलं. मग म्हणाले, ‘‘दुसरी प्रत आणा.’’ पण कुठल्या पुस्तकाची? ना नाव, ना लेखक. नानांनी विचारून बघितलं, मी वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानांतून चौकशी केली. जहागीरदार आणि विहीर एवढ्यावर पुस्तक सापडत नाही.

‘‘शोधू नका,’’ काकू म्हणाल्या. ‘‘लग्नाआधी मी त्ये चारदा वाचलंय. शेवट मला तोंडपाठ हाय. सांगते की. पर आण्णा, मला तुमी चार लोकांत लाजवलं हुतं. आता तुमी चार लोकांत म्हणायचं, मला असली पुस्तकं ऐकायला मजा येती म्हणून. मी लगेच सांगते.’’

‘‘हे शक्य नाही, विमल.’’

‘‘मग ऱ्हाऊ द्या.’’

चार लोक लवकरच आले. गुरुपौर्णिमेला सरांचे जुने विद्यार्थी दरवर्षी यायचे. शाल, नारळ, फुलांची परडी. कुणी सरकारी अधिकारी, कुणी सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला, कुणी नुसताच जाडा झालेला. मी खरं तर त्या दिवशी सुट्टीवर होतो, पण गेलो. काकूंनी ते फाटकं पुस्तक बंबावर, प्लास्टिकची फुलं काढून, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. स्वतः स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभ्या होत्या.

अधिकारी वाकून सरांच्या कानाशी म्हणाला, ‘‘सर, सध्या काय वाचताय? आमच्यासाठी काहीतरी सांगा.’’

सरांनी बंबाकडे बघितलं. मग काकूंकडे. त्यांचे ओठ हलले, आणि मला क्षणभर वाटलं, म्हणतायत. मी त्यांचा हात धरून उभा होतो. मूठ वळली होती.

‘‘सूनबाई... संतचरित्र वाचून दाखवते,’’ सर म्हणाले.

‘‘वा! भाग्यवान आहात सर,’’ सुभेदार म्हणाला. काकूंनी येऊन पुस्तक उचललं, फुलं पुन्हा बंबात खोचली आणि सगळ्यांना पेढे दिले. सरांना मात्र दिला नाही, शुगर वाढली असती.

त्यानंतर काकूंनी जे केलं ते आठवून मला अजूनही त्यांचा धाक वाटतो. वाचन थांबवलं असतं तर ती नुसती चिडचिड झाली असती. त्या रोज वाचत राहिल्या. नवी पुस्तकं आणली, एकाहून एक सरस. जीव ओतून, आवाज काढून वाचली. आणि प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा फॉर्मा आला की पुस्तक मिटायच्या. ‘‘पुढचं बंबात गेलं, आण्णा.’’ तसंच पुस्तक वाचनालयात परत. मी बाहेर जाऊन ते शेवट वाचून यायचो. सर माझं मनगट डाव्या हातानं धरायचे आणि म्हणायचे, ‘‘तुम्हांला ठाऊक आहे. सांगा.’’ मी म्हणायचो, ‘‘दंड वर करा, सर.’’

एकदा मात्र नानांना राहवलं नाही. रविवारची सुट्टी होती. ते हळूच म्हणाले, ‘‘अगं, म्हातारा माणूस हाय. सांगून टाक की.’’

काकू म्हणाल्या, ‘‘त्यांनी मला बंबाजवळ परत बसून वाचायला कधी सांगितलं? तुमी तरी सांगितलंसा? धा वर्षं मी पुस्तकाला हात लावला न्हाई. कुणी अडवलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटायची. पुस्तक उघडलं की हसणारी तोंडं दिसायची. त्या धा वर्षांतली पुस्तकं कोण देणार मला?’’

नाना पेपर घेऊन गच्चीत गेले. हेडसर जागे होते. त्यांनी हे ऐकलं, हे मला त्यांच्या हातावरून कळलं.

पावसाळा सरला आणि हेडसरांना न्यूमोनिया झाला. मिरजेला एका हॉस्पिटलात ठेवलं. मी तिथं दुसऱ्या पेशंटसाठी जायचोच, तेव्हा रोज डोकावायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागं शिकाऊ पोरापोरींचा घोळका, सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या कॉटांवरचे नातेवाईक. डॉक्टर सरांच्या शाळेचेच निघाले. नमस्कार करून म्हणाले, ‘‘सर, काही हवंय का?’’

सरांनी नाकावरची ऑक्सिजनची नळी डाव्या हातानं बाजूला केली. सिस्टर धावली, तिला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. ती हेडसरांची जुनी नजर होती, अख्खी शाळा थांबवणारी.

‘‘ही माझी सून,’’ ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. ‘‘मला खुनाच्या गोष्टी वाचून दाखवते. संतचरित्र नाही. मी खोटे बोललो. मला... मजा येते.’’

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी हसली. काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की तिचं हसू जागच्या जागी विरलं. मग त्या स्टूल ओढून सरांजवळ बसल्या.

‘‘आन् काय घेतलंत त्यातनं, आण्णा?’’

‘‘काही नाही,’’ सर म्हणाले. ‘‘नुसती मजा. सांग आता.’’

काकू वाकल्या. ‘‘दिवाणजीनंच केला. तुमचं बरोबर हुतं.’’

सरांनी डोळे मिटले. ‘‘वाटलेच होते मला,’’ ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी त्या घरात कधी बघितलं नव्हतं. त्या आठवड्यातच ते गेले.

मला मात्र चुटपुट लागून राहिली. इतकी ताणलेली गोष्ट आणि शेवटी दिवाणजी? तो तर पहिल्यापासूनच खोटं बोलत होता, त्याच्यावर कुणीही संशय घेतला असता. मी काकूंना काही बोललो नाही. सुतकात असलं काय विचारणार?

वर्षश्राद्ध झाल्यावर काकू काही महिन्यांसाठी दक्षिणेत भावाकडे निघाल्या, त्याच जुन्या गल्लीत. नाना कारखान्यावर अडकले होते म्हणून मी त्यांना मिरज स्टेशनवर सोडायला गेलो. भर दुपार. खिडकीची जागा मिळाली. त्यांनी चपला काढून समोरच्या रिकाम्या बाकावर पाय टाकले आणि पिशवीतून ते कव्हर नसलेलं पुस्तक काढलं.

‘‘काकू,’’ मी खिडकीच्या गजाला धरून म्हणालो, ‘‘दिवाणजीचा शेवट जरा फुसका नाही वाटत?’’

‘‘दिवाणजीनं कुठं केला?’’ काकू म्हणाल्या.

‘‘तुम्हीच तर सरांना सांगितलंत!’’ मी म्हणालो.

‘‘आवं, जन्मभर सगळ्यांनी त्यास्नी बरोबरच म्हटलं. जाताना मी बी म्हटलं. खुशीत गेले. पर जे बंबात घातलं त्ये घातलं, डॉक्टर. त्यो शेवट माझा हाय. त्यो मी त्यास्नी देणार न्हाई.’’

गाडीनं शिट्टी दिली. मी खिडकीबरोबर चालायला लागलो. ‘‘मग केला कुणी?’’

‘‘तुमी काय घेणार त्यातनं?’’

‘‘मजा!’’ मी ओरडलो. प्लॅटफॉर्मवरचे हमाल, चहावाले, सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी आणखी मोठ्यानं ओरडलो, ‘‘नुसती मजा, काकू!’’

काकूंनी समाधानानं मान हलवली, बोट ओलं करून पान उलटलं आणि वाचायला लागल्या.